सातचे पाच

मोहझरीचं वळण गावाला सालांनी आठवतं.
संत्र्याचं साल, सिमेंटचं साल,
बँडवाल्यांची मॅटॅडोर उलटली ते साल.
ढोल तेवढा उतारावरून घरंगळला,
नाल्यापर्यंत वाजत गेला.

जुना रस्ता सागवनातून सरळ यायचा
आणि मागून कुणी हाक मारावी तसा
एकदम वळायचा.
नकाशावर सुरेख दिसतं ते:
एक रेघ, तिला चिकटलेला वर्तुळाचा तुकडा,
सांधा सापडत नाही.
तो ड्रायव्हरच्या मनगटाला सापडतो.

सरळ रेषेची त्रिज्या अनंत,
आमच्या वळणाची दोनशे तीस मीटर.
अनंतातून दोनशे तीसवर
एका खुंटीत कसं उतरायचं?
म्हणून मधे नव्वद मीटर घेतले,
जिथं रस्ता वळलेला नसतो अजून,
वळायला लागलेला असतो.
दर दहा मीटरला खुंटी, खुंटीवर गेरूचा आकडा.
तिसरी आणि सातवी शेळ्यांनी पाडली.
पुन्हा ठोकल्या.

पैकू नेवारे बंडी थांबवून बघत होता.
"इतकं कायले मोजता, मॅडम?
बैलाले एकदम नाई वयवत कोनी.
आंधी कासरा, मंग मान,
मंग चाक."
मी वहीत उतरवून घेतलं,
साखळी क्रमांकासकट.

बाहेरची कड उचलायची, तीही बेताबेतानं.
सरळ रस्त्याची पाठ मधे उंच,
पाणी दोन्हीकडे सांडतं.
मग बाहेरची कूस वर येऊ लागते
आणि एका जागी, फक्त एकाच जागी,
अगदी सपाट होते.
तिथं पाण्याला काही सुचत नाही.
शालिक मडावीनं ग्रेडर तीनदा फिरवला तिथं,
उतरून बाटलीतलं पाणी ओतलं
आणि उकिडवा बसून राहिला.
थांबलं ते.
लांबीत जरा उतार दिला,
तेव्हा कुठं नाल्याची वाट धरून निघालं.

नियम सांगतो शंभराला सात.
म्हणजे सात मीटर रुंदीला बाहेरचं अंग
हातभर उंच.
ऐंशीच्या वेगातला ट्रक त्यावर रेलतो, निघून जातो.
पैकूची बंडी ऐंशीनं जात नाही.
तिच्यावर पुरुषभर कापूस रचलेला,
ती चालते बैलांच्या मनानं,
आणि हातभर उंचीवर तिचं सगळं ओझं
आतल्या चाकावर येऊन बसतं.
ट्रक बाहेर फेकला जातो, बंडी आत कलंडते,
डांबर दोघांना मिळून एकच.

मी पाच लिहिले. वेगाचा फलक साठचा.
फाईल परत आली, लाल शाईत:
सात का नाही? कारण द्यावे.
मी लिहिलं, कापूस.
मग ते खोडून लिहिलं, मिश्र वाहतूक,
आणि तीन पानं आकडेमोड जोडली.

सीतादही झाली, वेचा सुरू झाला,
तेव्हा एका सकाळी गाडी लांब उभी करून
वळणावरून पायी गेले.
खुंट्या कधीच निघाल्या होत्या.
पण आतल्या कडेच्या बाभळींना
कापूस अडकला होता बंड्यांवरचा:
सरळ भागात काहीच नाही,
पुढं एखादं बोंड,
मग दोन, मग चार,
मग वळणभर तेवढाच,
आणि पलीकडे पुन्हा विरळ होत होत
संपलेला.
माझा नकाशा काट्यांवर
कुणीतरी पांढऱ्यात काढून ठेवला होता.

मागून पैकूची बंडी आली.
विचारलं, "कलते का अजून?"
"कलते ना," तो म्हणाला,
"पन आंधी सांगून कलते."
आणि कासरा मांडीखाली दाबून
तंबाखू मळायला लागला,
वळणातच.